टपाल नसलेल्या शहराची पोस्टकार्डे

२ मे १९९२. सारायेव्हो शहरातले मुख्य टपाल कार्यालय जळून गेले. हजारो दूरध्वनी एका दिवसात मुके झाले आणि पत्रांची ये-जा थांबली.

पुढच्याच वर्षी, टपाल अजून बंद असताना, याच शहरात पोस्टकार्डे छापली गेली. त्यांच्यावर शीर्षक होते ‘सारायेव्होहून शुभेच्छा’. पत्रपेटी नाही, टपालगाडी नाही, पत्र बाहेर नेणारी वाट नाही, तरीही पोस्टकार्ड. आणि ती पोस्टकार्डे युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचली.

वेढ्यातल्या शहरातून कला बाहेर कशी जाते, बाहेर गेल्यावर तिचे काय होते आणि त्या प्रवासात कलाकार कुठे उरतो, याविषयी हा थ्रेड.

आधी थोडी पार्श्वभूमी. युगोस्लाव्हिया फुटत असताना बोस्निया-हर्झगोव्हिनाने १९९२च्या वसंतात स्वातंत्र्य घोषित केले. एप्रिलच्या आरंभी राजधानी सारायेव्होला वेढा पडला. आधी युगोस्लाव्ह लष्कर आणि नंतर बोस्नियन सर्ब सैन्य भोवतालच्या डोंगरांवर तोफा लावून बसले. वेढा उठल्याची अधिकृत घोषणा झाली २९ फेब्रुवारी १९९६ रोजी. एकूण १४२५ दिवस. एप्रिल २०१२ मध्ये वेढ्याच्या आरंभाला वीस वर्षे झाली, तेव्हा शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडण्यात आल्या. प्रत्येक मृतासाठी एक.

हे शहर कोपऱ्यातले, अनोळखी नव्हते. १९८४चे हिवाळी ऑलिंपिक इथेच भरले होते. मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कॅथेड्रल आणि सिनेगॉग काही मिनिटांच्या पायी अंतरावर. रॉक संगीत, चित्रपट, नाटक यांची मोठी परंपरा. इथल्या कलाकारांच्या मनात आपण युरोपीय आधुनिकतेचे भागीदार आहोत याविषयी शंका नव्हती. पुढे जे घडले त्याची बोच समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बाहेर पडण्याच्या वाटा किती होत्या? जून १९९२च्या अखेरीस विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात आला आणि जुलैपासून मदतीची विमाने उतरू लागली. त्यांतून पत्रकार, मुत्सद्दी, मदतकार्यकर्ते ये-जा करत. विमान उडेल की नाही याचा भरवसा नसल्यामुळे पत्रकारांनी या सेवेचे नाव ठेवले होते ‘मेबी एअरलाइन्स’, म्हणजे ‘उडाली तर उडाली’. सामान्य सारायेव्होकराला त्या विमानात जागा नव्हती. रात्री धावपट्टी ओलांडून पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात. १९९३च्या जुलैअखेरीस धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचे भुयार तयार झाले. त्यात ताठ उभे राहून चालणेही अवघड. पीठ, इंधन, दारूगोळा आणि जखमी यांचीच तिथे गर्दी होती. तैलचित्राची चौकट अशा भुयारातून कोण नेणार?

म्हणजे बाहेर जाऊ शकत होते ते हलके, सपाट, खिशात मावणारे. परदेशी पत्रकाराच्या अंगरख्यात, छायाचित्रांच्या पाकिटात, कॅसेटच्या डबीत. ही अडचण ‘त्रिओ’ नावाच्या छोट्या गटाला फार लवकर उमगली.

‘त्रिओ’ म्हणजे १९८५ मध्ये तीन तरुण चित्रसंकल्पकांनी उभा केलेला गट. वेढ्याच्या काळात तो चालवला बोयान हाजिहालिलोविच आणि त्याची पत्नी दादा यांनी. कागद मिळत नव्हता, म्हणून भित्तिपत्रके छापणे शक्य नव्हते. त्यांनी भित्तिपत्रकाचे आकारमान आटवून पोस्टकार्डाएवढे केले. कागदाची टंचाई आणि वाहतुकीची अडचण, दोन्हींवर एकच उपाय.

त्या कार्डांवर काय होते? कोका-कोलाच्या लाल पार्श्वभूमीवर त्याच वळणदार पांढऱ्या अक्षरांत ‘एन्जॉय सारायेव्हो’. एडवर्ड मुंकच्या ‘किंकाळी’ या जगप्रसिद्ध चित्रातली आकृती, आता सारायेव्होच्या नावाने ओरडणारी. अमेरिकी सैन्यभरतीच्या जुन्या भित्तिपत्रकातला बोट रोखणारा अंकल सॅम, जो आता सारायेव्हो वाचवायला माणसे मागत होता. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत सूचना: हे युद्धस्थितीत छापले आहे, कागद, शाई, वीज, पाणी यांपैकी काहीही नसताना.

इथे क्षणभर थांबायला हवे. जळती घरे, रक्ताळलेले रस्ते, रडणारी मुले यांची छायाचित्रे जगभर रोज छापून येतच होती. ‘त्रिओ’ने त्यांपैकी एकही प्रतिमा वापरली नाही. त्यांनी उचलल्या त्या पाहणाऱ्याच्या घरातल्या प्रतिमा, ज्या त्याच्या फ्रिजमध्ये, भिंतीवर, शाळेच्या पुस्तकात आधीच होत्या. दुःखाचे छायाचित्र पाहून परदेशी वाचक हळहळतो आणि पान उलटतो. कोका-कोलाचे चिन्ह मात्र त्याचे स्वतःचे असते. त्यात सारायेव्होचे नाव दिसले की तो दचकतो. या कार्डांतला विनोद कडवट आहे आणि त्याचा रोख तोफा डागणाऱ्यांपेक्षा तमाशा पाहणाऱ्यांवर अधिक आहे. वेढ्यातल्या कलाकाराकडून जगाला करुणा अपेक्षित होती. त्याने पाठवला टोमणा.

याच जातीचे आणखी एक काम म्हणजे सुआदा कापिच यांच्या ‘फामा’ या संस्थेने काढलेले ‘सारायेव्हो सर्व्हायव्हल गाइड’. प्रवाशांसाठी असलेल्या नामांकित मार्गदर्शक पुस्तिकांचा सगळा थाट त्यात आहे: काय खावे, कसे फिरावे, मुक्काम कुठे करावा. फरक इतकाच की खाणे म्हणजे मदतीच्या डब्यातले, फिरणे म्हणजे स्नायपरच्या चौकातून धावणे. पुस्तिकेचा सूर आरंभापासून अखेरपर्यंत सौजन्याचा आहे, आणि म्हणूनच ती वाचवत नाही.

शब्दांना तशी वाट लवकर मिळाली. सेमेझदिन मेहमेदिनोविच या कवीचे ‘सारायेव्हो ब्लूज’ वेढ्याच्या पहिल्याच वर्षी स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात छापले गेले. हस्तलिखिताला भुयार लागत नाही. पण त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध व्हायला १९९८ साल उजाडले. तोवर युद्ध संपून दोन वर्षे उलटली होती. हलकेपणाचा लाभ भाषेच्या सीमेपर्यंतच पुरतो.

आता सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळू. जे खिशात मावत नाही, त्याचे काय?

मिल्यात्स्का नदीकाठी ‘सुत्येस्का’ नावाचे जुने चित्रपटगृह होते. ‘ओबाला’ या कलाकेंद्राचे मिर्साद पुरिवात्रा आणि इझेता ग्राजेविच यांचा तिथे कलादालन करण्याचा बेत होता. ‘ओबाला’ म्हणजे काठ, किनारा. युद्धात त्या इमारतीची वाताहत झाली. छप्पर गेले, भिंती फुटल्या, आणि नदीकाठ तर स्नायपरच्या थेट टप्प्यात. अशा पडक्या जागेत १९९२-९३च्या हिवाळ्यात ‘ओबाला’ने प्रदर्शने भरवली. आठ कलाकारांच्या त्या मालिकेचे नाव होते ‘अस्तित्वाचे साक्षीदार’.

रंग आणि कॅनव्हास मिळत नव्हते, म्हणून कलाकारांनी वापरले ते शहरात मुबलक असलेले साहित्य: विटा, माती, फुटक्या काचा, जळके लाकूड, वर्तमानपत्रे. मुस्ताफा स्कोप्ल्याक यांनी मातीत लहान-लहान चेहरे पुरले. पाहणाऱ्याला थडग्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नसे, कारण तेव्हा शहरातली मैदाने आणि बागाही दफनभूमी होत चालल्या होत्या. सानयिन युकिच यांनी आपल्या मांडणीला ‘सारायेव्हो घेट्टो स्पेक्टॅकल’ असे नाव देऊन वेढा पाहण्याच्या जागतिक हौसेलाच प्रदर्शनात आणून बसवले. प्रेक्षक उणे तापमानात, जीव मुठीत धरून नदीकाठ गाठत. कलादालनात जाणे हीच त्या कलाकृतीची पहिली पायरी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रदर्शनाची वार्ता बाहेर पोहोचली आणि १९९३च्या व्हेनिस बिएनालेचे निमंत्रण आले. समकालीन कलेच्या जगात याहून मोठा मंच क्वचितच असेल. नव्या देशाचे कलाकार, जगाच्या व्यासपीठावर, आपल्या नावाने!

कलाकार मात्र शहराबाहेर पडू शकले नाहीत. ज्या विमानांतून पत्रकार जात-येत होते, त्यांत त्यांना जागा मिळाली नाही. व्हेनिसमध्ये प्रदर्शन पोहोचले ते चित्रफितीच्या रूपाने. पुढे १९९४ मध्ये ‘अस्तित्वाचे साक्षीदार’ न्यूयॉर्कच्या कुन्स्टहाल्लेमध्ये मांडले गेले.

पण नेमके काय मांडले गेले? फुटक्या भिंतीतून येणारा वारा, नदीपलीकडचा धोका, पायाखालचा चुरा यांच्यासकट ती कलाकृती होती. न्यूयॉर्कच्या दालनात वीज होती, ऊब होती, आणि बाहेर पडताना धावावे लागत नव्हते. तिथल्या प्रेक्षकाने जे पाहिले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. एवढे मान्य करूनही ते प्रदर्शन तिथे जायलाच हवे होते. कारण तिथे या आठ जणांची नावे भिंतीवर होती. छायाचित्रांतल्या अनाम पीडितांना ती सवलत नव्हती.

नाव हरवले की काय होते, याचे उदाहरण सारायेव्होतच आहे. २७ मे १९९२ रोजी पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळे पडले आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वेद्रान स्माइलोविच हा चेलोवादक औपचारिक काळ्या पोशाखात त्या जागी बसून वादन करू लागला. अमेरिकी वर्तमानपत्रात बातमी आली आणि तो जगाच्या कल्पनेत शिरला. इंग्रज संगीतकार डेव्हिड वाइल्ड यांनी त्याच्यावरून चेलोसाठी रचना केली, ती १९९४ मध्ये मँचेस्टरला यो-यो मा यांनी वाजवली आणि स्माइलोविच स्वतः श्रोत्यांत हजर होता. इथवर सगळे सन्मानाचे.

२००८ मध्ये कॅनडाचे कादंबरीकार स्टीव्हन गॅलोवे यांची ‘द सेलिस्ट ऑफ सारायेव्हो’ आली आणि जगभर खपली. त्यातल्या वादकाला नाव नाही. तोवर उत्तर आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्माइलोविचने जाहीर संताप व्यक्त केला: आपले आयुष्य आपल्याला न विचारता वापरले गेले. लेखकाची बाजू अशी की सार्वजनिक जागी केलेली कृती सर्वांची असते आणि पात्र काल्पनिक आहे. कायद्याच्या दृष्टीने लेखकाचे म्हणणे टिकणारे असेल. तरी प्रश्न उरतोच. वादक दंतकथा झाला की त्याला ना मानधन लागते, ना मत, ना तक्रार करण्याचा अधिकार. जिवंत कलाकारापेक्षा दंतकथा परदेशात नेणे फार सोपे.

कलाकृती बाहेर जात नसेल तर बाहेरच्यांनी आत यावे, हा दुसरा मार्ग. १९९३च्या उन्हाळ्यात अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग सारायेव्होत ‘वेटिंग फॉर गोदो’ बसवायला आल्या. त्यांना इथे काम करण्याचे निमंत्रण होते दिग्दर्शक हारिस पाशोविच यांचे. पाशोविच स्वतः युद्ध सुरू असताना परदेशातून वेढ्यात परतले होते, ही गोष्ट सॉन्टॅग यांच्या येण्याइतकी गाजली नाही. १७ ऑगस्टला युवा नाट्यगृहात प्रयोग सुरू झाले. वीज नव्हती, रंगमंचावर मेणबत्त्या होत्या. गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांच्या जागी तीन जोड्या होत्या. सॉन्टॅग यांनी केवळ पहिला अंक केला. गोदो दुसऱ्यांदाही येत नाही हे या प्रेक्षकांना आणखी दाखवण्याची गरज नव्हती. नट अर्धपोटी होते. आपला प्रवेश नसताना ते मंचावरच आडवे होत.

परदेशी वर्तमानपत्रांत सॉन्टॅग झळकल्या, नटांची नावे फारच थोड्यांनी छापली. जानेवारी १९९४ मध्ये फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार यांनी पॅरिसच्या वर्तमानपत्रात झोड उठवली: पाश्चात्त्य बुद्धिवंत स्वतःला वास्तवाचा डोस मिळावा म्हणून तिथे जातात. टीका चुरचुरीत आहे आणि तिच्यात तथ्यांशही आहे. पण पॅरिसमध्ये बसून ती करणाऱ्यापेक्षा, ज्या नटांना दीड वर्षाने पुन्हा नट म्हणून उभे राहता आले, त्यांचा कौल अधिक वजनदार मानायला हवा. २०१० मध्ये शहराने राष्ट्रीय नाट्यगृहासमोरच्या चौकाला सॉन्टॅग यांचे नाव दिले.

त्याच उन्हाळ्यात ‘यू-टू’ या आयरिश बँडने आपल्या मैफलींतून सारायेव्होशी थेट उपग्रह-संपर्क साधला. हजारो प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये पडद्यावर अचानक वेढ्यातली माणसे बोलू लागत. त्यामागे होता बिल कार्टर हा तरुण अमेरिकी. हेतू चांगला होता. पण एका मैफलीत पडद्यावरच्या स्त्रियांनी सुनावले की तुम्ही आमच्यासाठी काहीही करणार नाही, पुढचे गाणे सुरू कराल इतकेच. संपूर्ण स्टेडियम गप्प झाले. टीका वाढली आणि लवकरच हे प्रक्षेपण बंद पडले. त्या स्त्रियांचे ते वाक्य म्हणजे ‘त्रिओ’च्या पोस्टकार्डाचीच मौखिक आवृत्ती. फरक इतकाच की ती मऊ करायला विनोद नव्हता.

छायाचित्रकाराचा कॅमेरा स्वतःच्या हाती ठेवण्याचा प्रयत्न ‘सागा’ या स्थानिक चित्रपटसंस्थेने केला. अदेमिर केनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीबीसीसाठी एकाच रस्त्यावरच्या रहिवाशांचे दोन-दोन मिनिटांचे लघुपट पाठवले. कुणी पाणी भरतो, कुणी जुने बूट जाळून चूल पेटवतो. ‘सागा’च्याच साहित्यातून ‘एमजीएम सारायेव्हो’ हा माहितीपट १९९४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. ‘एमजीएम’ म्हणजे माणूस, देव, राक्षस या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, आणि अर्थातच हॉलिवूडच्या सिंहावरची कोटी.

फेब्रुवारी १९९४ मध्ये मार्काले बाजारात एका तोफगोळ्याने ६८ माणसे मारली, आणि त्यानंतर नाटोच्या इशाऱ्यामुळे काही महिने तोफा थोड्या थंडावल्या. त्या सवडीत, १९ जून रोजी, मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता सारायेव्हो फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले. स्थळ होते ‘व्हियेच्नित्सा’, राष्ट्रीय ग्रंथालयाची जळकी इमारत, जिथे ऑगस्ट १९९२ मध्ये लक्षावधी ग्रंथांची राख झाली होती. छत उघडे, रचना मोझार्टची ‘रेक्विएम’, गायकांत होझे कारेरास. श्रोते अगदी थोडे. खरा श्रोतृवर्ग दूरचित्रवाणीसमोर, अनेक देशांत. वाद्यवृंदाला बाहेर नेता येत नव्हते, म्हणून त्याचा आवाज बाहेर नेला गेला. आणि यावेळी तो आवाज त्याच वादकांचा होता, ज्यांचे अनेक सहकारी मारले गेले होते किंवा देशोधडीला लागले होते.

उलट्या दिशेनेही एक योजना सुरू झाली होती. १९८४च्या ऑलिंपिक उद्घाटन सोहळ्याचे एक सूत्रधार एन्व्हेर हाजिओमेरस्पाहिच यांनी वेढ्यातच ठरवले की जगभरच्या कलाकारांकडे एकेक कलाकृती मागायची आणि तिचे संग्रहालय उभारायचे. नाव ‘आर्स ऐव्ही’, लॅटिनमध्ये ‘युगाची कला’, आणि शहराच्या नावातल्या अक्षरांची जुळवाजुळव. पहिला संच मिलानमध्ये जमला. पिस्तोलेत्तो, कुनेलिस, मुंबईचेच अनिश कपूर अशा अनेकांनी कामे दिली. इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी इमारतीचा आराखडाही दिला. जग कलाकृती द्यायला तयार होते. इमारतीचा पैसा आणि प्रशासनाचा निर्णय यांची वाट पाहण्यात मात्र दशके गेली.

‘ओबाला’ने वाट पाहिली नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये, वेढा अधिकृतपणे उठायच्या आधीच, पुरिवात्रा यांनी सारायेव्हो चित्रपट महोत्सव भरवला. १५ देशांचे ३७ चित्रपट आणि सुमारे १५ हजार प्रेक्षक. आज तो दक्षिण-पूर्व युरोपातला सर्वांत प्रतिष्ठेचा महोत्सव मानला जातो, आणि दर ऑगस्टमध्ये परदेशी समीक्षक, वितरक, निवडसमित्या तिथे येतात. तिथल्या कलाकाराला आपले काम दाखवायला खिशाएवढे करावे लागत नाही.

शहराच्या इतिहास संग्रहालयाजवळ नेबोयशा शेरिच-शोबा या कलाकाराचे एक शिल्प आहे. युद्धात तो सैनिक होता. २००७ मध्ये उभारलेले हे शिल्प म्हणजे ‘इकार’ या गोमांसाच्या डब्याची भलीमोठी प्रतिकृती आहे. वेढ्याच्या काळात मदत म्हणून आलेला हा डबा इतका बेचव होता की भुकेली कुत्री-मांजरेही त्याकडे पाठ फिरवत, असे सारायेव्होकर सांगतात. चौथऱ्यावर आंतरराष्ट्रीय समुदायाचे कृतज्ञतापूर्वक आभार मानले आहेत. परदेशी पर्यटक त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढतात आणि लगेच घरी पाठवतात.